पोलादपूरचा खडक आणि पडद्यावरचा ज्वालामुखी

डायनासोरांच्या अखेरच्या दिवसांवरचा माहितीपट असला की एक दृश्य बहुधा येतेच. क्षितिजावर शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या तोंडातून उसळणारी आग, उतारावरून धावत येणारा तांबडालाल लाव्हारस आणि त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने पळणारा कळप. निवेदक धीरगंभीर आवाजात सांगतो की, हे भारतातील दख्खन. गावाचे नाव येत नाही. खरे तर यायला हवे होते. कारण ज्या लाव्हाथरांच्या वयावरून जगभरचे भूवैज्ञानिक आजही वाद घालतात, त्यांतल्या एका थरसमूहाचे अधिकृत नावच 'पोलादपूर शैलसमूह' असे आहे.

हे तेच पोलादपूर. मुंबई-गोवा महामार्गावरचे, सावित्रीच्या काठचे, महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे. तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठमुळे हा तालुका महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रिन्स्टन आणि बर्कली येथील प्रयोगशाळांत त्याचे नाव निराळ्याच कारणाने घेतले जाते. पडद्यावरचा ज्वालामुखी आणि पोलादपूरचा खडक समोरासमोर ठेवले, तर या माहितीपटांतील चुका नेमक्या कुठे होतात ते फार स्पष्ट दिसते.

चुका म्हटल्या की तरुण प्रेक्षकांची नजर आधी तांत्रिक गोष्टींकडे जाते. जमिनीवर टेकलेला पाय किंचित घसरतो, सावली शरीरापासून सुटी पडते, पाण्यात उतरलेल्या प्राण्याभोवती पाणी हलत नाही. त्यापुढची पायरी मापांची. बीबीसीच्या १९९९ च्या 'वॉकिंग विथ डायनासोर्स' या गाजलेल्या मालिकेत लिओप्ल्युरोडॉन हा सागरी सरपटणारा प्राणी २५ मीटर लांब आणि १५० टन वजनाचा दाखवला होता. आजच्या अंदाजाप्रमाणे तो याच्या एक तृतीयांशही लांब नसावा. अशी चूक मोजता येते, म्हणून ती सुधारताही येते. परंतु काही चुका एकाही चौकटीत दिसत नाहीत. त्या दोन चौकटींच्या मधल्या जागेत असतात. दख्खनच्या बाबतीत घडते ते असे.

आधी त्या शंकूचे पाहू. डायनासोरांच्या पाठीमागे धुमसता शंकू रंगवण्याची सवय संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने १९४३ ते १९४७ या काळात 'द एज ऑफ रेप्टाइल्स' हे ११० फूट लांबीचे भित्तिचित्र काढले. त्यात डायनासोर-युगाच्या शेवटाकडे जाताना मागे ज्वालामुखी धुमसताना दिसतात. पाठ्यपुस्तके, खेळणी, चित्रपट अशा मार्गाने ती प्रतिमा जगभर गेली. झॅलिंगरला दोष देता येत नाही. तो उत्तर अमेरिकेचे चित्र काढत होता आणि त्या खंडाच्या पश्चिमेला त्या काळी तसे ज्वालामुखी होते. चूक ती पार्श्वभूमी उचलून दख्खनवर ठेवणाऱ्यांची आहे.

दख्खनमध्ये शंकू नव्हता, भेगा होत्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाला किलोमीटरच्या किलोमीटर लांबीच्या भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ बेसाल्टी लाव्हारस बाहेर येऊन पसरत गेला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. ज्या भेगांतून तो वर आला, त्यांत उरलेला रस तिथेच गोठला आणि आज काळ्या भिंतींसारखा उभ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत, नाशिक-पुणे पट्ट्यात आणि कोकणात अशा भित्ती पुष्कळ आहेत. लाव्हाने व्यापलेला प्रदेश आज उरला आहे तोही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या दीडपटीहून मोठा. भूविज्ञानात या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. हा स्वीडिश शब्द जिन्याच्या पायऱ्यांवरून आला.

या पायऱ्या महाड-पोलादपूरच्या माणसाला वेगळ्या दाखवाव्या लागत नाहीत. रायगडाचा सपाट माथा आणि सरळ तुटलेले कडे हे त्या जिन्याचेच तुकडे. लाव्हाथराचा घट्ट भाग कड्याच्या रूपाने उभा राहतो, मऊ भाग झिजून तिथे सपाटी होते. सह्याद्रीतील किल्ल्यांच्या माच्या बहुधा अशाच सपाट्यांवर बसल्या आहेत. दुर्ग बांधणाऱ्यांनी ज्वालामुखीचे शास्त्र वाचले नव्हते, पण डोंगर थराथरांचा आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१९८० च्या दशकात के. जी. कॉक्स आणि सी. जे. हॉक्सवर्थ या ब्रिटिश संशोधकांनी महाबळेश्वर परिसरातील थरांचे रासायनिक पृथक्करण केले. डोळ्यांना सारखेच दिसणारे काळे खडक प्रयोगशाळेत निरनिराळे निघाले. स्ट्रॉन्शियमसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून त्यांची वर्गवारी झाली. सर्वांत वर महाबळेश्वर शैलसमूह, त्याखाली आंबेनळी, त्याखाली पोलादपूर. पोलादपूरच्या लाव्हारसात वाटेत भेटलेल्या खंडीय कवचाचा अंश मिसळलेला आहे. आंबेनळीचा रस त्या मानाने पुष्कळच निर्भेळ आहे. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागलेला प्रवासी एका लाव्हायुगातून दुसऱ्यात जात असतो, आणि बसच्या खिडकीतून त्याला दिसते ती फक्त दरी.

तरीही खिडकीतून दिसू शकणारी एक खूण आहे. घाटातील कापलेल्या कड्यात काळ्या खडकांच्या मध्ये अधूनमधून विटकरी तांबड्या रंगाचा पट्टा येतो, कधी वीतभर, कधी कमरेइतका. एक लाव्हाथर थंड झाला, त्यावर पाऊस पडला, ऊन तापले, खडक कुजला, त्याची माती झाली. मग केव्हातरी पुढचा लाव्हारस आला आणि त्याने ती माती भाजून झाकून टाकली. तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला विराम. या विरामात जमीन शांत होती, नाले वाहत होते, झाडे उगवली असतील, प्राणी वावरले असतील.

पडद्यावर हा विराम नसतो. पाऊण तासाच्या माहितीपटात दोन-तीन मिनिटांचे दृश्य. त्यात हजारो वर्षांची शांतता दाखवायची तर प्रेक्षक दुसरीकडे वळेल. म्हणून सारे उद्रेक एका संध्याकाळी घडल्यासारखे गोळा होतात. दृश्यपरिणाम करणाऱ्या कलाकारांना आग दाखवता येते, धूर दाखवता येतो, फुटणारा खडक तर उत्तमच दाखवता येतो. काही घडत नसणे दाखवणे कठीण आहे. आणि दख्खनच्या कथेतला मोठा पुरावा नेमका तिथेच, काही घडत नसलेल्या त्या तांबड्या मातीत दडलेला आहे.

तो असा. बेसाल्ट खडकात झिर्कॉन या खनिजाचे स्फटिक सहसा सापडत नाहीत. झिर्कॉनमधील युरेनियमचे हळूहळू शिसे बनते आणि त्यावरून वय अचूक काढता येते, त्यामुळे दख्खनचे हे मोठेच वैगुण्य होते. परंतु विरामाच्या काळात कुठून तरी उडून आलेली वेगळ्या प्रकारची राख तांबड्या मातीत साचली होती आणि त्या राखेत झिर्कॉन होते. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या चमूने ते वेचले. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी लाव्हाथरांतीलच फेल्डस्पार स्फटिकांचे वय आरगॉन पद्धतीने काढले. दोन्ही निबंध फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत.

शोन यांच्या मते दख्खनचे उद्रेक चार मोठ्या लाटांत झाले. त्यांतली पोलादपूर शैलसमूहाची लाट मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे लघुग्रह आदळण्यापूर्वी काही दहा हजार वर्षे सुरू झाली होती. तसे असेल तर डायनासोरांच्या अंतात दख्खनचा वाटा मोठा ठरू शकतो. स्प्रेन यांच्या मते उद्रेक बरेचसे सलग चालले आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हारस आघातानंतर बाहेर पडला. आघाताची वेळ त्यांच्या मांडणीत पोलादपूर शैलसमूहाच्या तळाजवळ येते. तसे असेल तर पोलादपूरचे बहुतेक सारे खडक डायनासोर संपल्यानंतरचे. त्याआधी २०१५ मध्ये मार्क रिचर्ड्स, पॉल रेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे सुचवले होते की, आघाताच्या हादऱ्यानेच दख्खनचा उद्रेक भडकला असावा.

पडद्यावर लाव्हा आणि डायनासोर एकाच चौकटीत धावतात, तेव्हा या वादाचा निकाल आधीच लावलेला असतो. निवेदनात 'कदाचित' हा शब्द असतो, पण चित्रात 'कदाचित' रंगवता येत नाही. पोलादपूरचा थर त्या चौकटीत आधी येतो की नंतर, हा प्रश्न काही हजार वर्षांच्या फरकाने हलतो. सहा कोटींहून अधिक वर्षांच्या अंतरावरून इतक्या बारीक फरकाची मोजणी चालू आहे, हेच मुळात थक्क करणारे आहे. माहितीपटाने त्या मोजणीचे दृश्य का करू नये, असे वाटल्यावाचून राहत नाही.

धावणाऱ्या लाव्हाचेही तसेच. बेसाल्टी लाव्हारस भेगेच्या तोंडाशी वेगवान असतो हे खरे, पण पसरताना त्याच्यावर साय धरते. साईखालून नवा रस येत राहतो आणि थर भाकरीसारखा फुगत, पुढे सरकत जातो. असा एकेक प्रवाह काही महिने, कधी काही वर्षे वाढत राहिला असावा. त्यापुढे चालत गेलेला प्राणीही वाचला असता; धावण्याची गरज नव्हती. याच संथपणामुळे लाव्हा अविश्वसनीय अंतर गेला. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी बेसाल्टचे थर आहेत, आणि त्यांचे रसायन आंबेनळी व महाबळेश्वर शैलसमूहांशी जुळते. पश्चिम घाटाच्या परिसरातून निघालेला रस सुमारे हजार किलोमीटर वाहत पूर्व किनाऱ्याला पोहोचला, असा त्याचा अर्थ लावला जातो. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्यांची गणना होते. हे दृश्य अजून कुणी नीट दाखवलेले नाही.

घातक होते ते वायू. याचे लहान उदाहरण इतिहासकाळातच आहे. १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने उद्रेक चालला. लाव्हाने माणसे फारशी मारली नाहीत. गंधकाच्या आणि फ्लोरिनच्या वायूंनी गवत विषारी झाले, गुरे मेली, दुष्काळ पडला आणि देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नाहीशी झाली. लाकीचा लाव्हा सुमारे पंधरा घन किलोमीटर होता. दख्खनचा लाखो घन किलोमीटर. पण गंधकाचा वायू रंगहीन असतो आणि रंगहीन वस्तू पडद्यावर खपत नाही.

अलीकडच्या मालिकांनी यात सुधारणा केली आहे. 'प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट' या मालिकेच्या २०२३ च्या दुसऱ्या पर्वात दख्खनच्या ज्वालामुखी प्रदेशातून वाट काढत अंडी घालायला निघालेला इसिसॉरसांचा कळप आहे, आणि धोका आगीपेक्षा वायूंचा अधिक आहे याची जाणीवही त्या दृश्यात आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने तर हा मानाचा प्रसंग म्हणावा. इसिसॉरस हा चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याला मिळालेल्या नावातील 'इसि' म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव डायनासोरला मिळाल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

तरीही त्या दृश्यात दोन उसन्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे त्याचे डोके. डोंगरगावच्या सांगाड्यात कवटी सापडलेली नाही. पडद्यावरचा इसिसॉरस डोळे मिचकावतो तो दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्याने. दुसरी गोष्ट म्हणजे ज्वालामुखीच्या उबेवर अंडी उबवण्याची कल्पना. अर्जेंटिनातील सानागास्ता येथे उष्ण झऱ्यांजवळ डायनासोरांची घरटी मिळाली आहेत. भारतातील घरटी मात्र गुजरातेत, जबलपूरजवळ, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, सगळी लाव्हाच्या आधी साचलेल्या लमेटा गाळात आहेत. धारमधल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्येच प्रसिद्ध झाला. नदीनाल्यांच्या, तळ्यांच्या काठची ती माती होती. सानागास्ताची गोष्ट दख्खनला लावणे हे अनुमान आहे, चूक म्हणणे थोडे कठोर होईल.

महाड-पोलादपूरच्या खडकात डायनासोरचे हाड मिळेल का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. लाव्हा हाडे जपत नाही. जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या खालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात, आणि असा गाळ विदर्भात, मध्य प्रदेशात, गुजरातेत अधिक आहे. कोकणच्या बाजूचे प्रसिद्ध जीवाश्म मुंबईच्या वरळी टेकडीचे आहेत. दोन लाव्हाथरांमधल्या गाळात तिथे छोट्या बेडकांचे सांगाडे निघाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. 'डायनासोर' हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. ते बेडूक डायनासोर संपल्यानंतरच्या काळातले आहेत. आगीच्या प्रदेशात, विरामाच्या एखाद्या तळ्यात, बेडूक निवांत राहत होते.

पार्श्वभूमीची आणखी एक चूक इतकी सर्रास होते की ती खटकेनाशी झाली आहे. डायनासोरांच्या मागे खोल दऱ्या आणि हिरवे कडे दाखवले की सह्याद्रीचा भास होतो. त्या काळी सह्याद्री नव्हता. भारत हे विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेले एक बेट होते आणि हिमालय जन्माला यायचा होता. पश्चिमेकडील भूभाग तुटून सेशेल्सकडे गेला, किनारा तयार झाला, आणि मग कोट्यवधी वर्षांच्या पावसाने पठाराची कड मागे मागे कोरत आजची घाटरांग घडवली. सावित्रीचे खोरे हे लाव्हाचे काम नाही, पाण्याचे काम आहे.

गवताची कथा मात्र उलट दिशेने गेली. 'वॉकिंग विथ डायनासोर्स'च्या निर्मात्यांनी प्राणी संगणकावर घडवले, पण जमीन खरी चित्रित केली. डायनासोरांच्या काळी गवत नव्हते असे तेव्हा मानले जाई. म्हणून त्यांनी चिली, न्यू कॅलेडोनिया, न्यूझीलंड अशा ठिकाणी फिरून गवत नसलेल्या जागा शोधल्या. चुकून एखादी काडी दिसली तर ती चूक ठरली असती. मालिका येऊन सहा वर्षे झाली आणि २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक सहानी यांचा निबंध आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडलेल्या डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत त्यांना गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण मिळाले, तेही एका नव्हे, अनेक प्रकारच्या गवतांचे. २०११ मध्ये त्यांतले काही भाताच्या कुळाशी जोडले गेले.

म्हणजे निर्मात्यांनी मेहनतीने टाळलेली गोष्ट निदान दख्खनपुरती बरोबर निघाली. हिरवीगार कुरणे दाखवणे अजूनही चूकच आहे. गवत थोडे होते, झाडोऱ्यात मिसळलेले होते. पण महाडच्या खाचरांत डोलणाऱ्या भाताचे दूरचे पूर्वज डायनासोरांनी चघळले होते, हे वाक्य आज पुराव्यानिशी लिहिता येते. १९९९ मध्ये ते हास्यास्पद ठरले असते.

आता मानवाच्या पूर्वजांकडे. इथे झॅलिंगर पुन्हा भेटतो. १९६५ मध्ये टाइम-लाइफच्या 'अर्ली मॅन' या पुस्तकासाठी त्यानेच ती प्रसिद्ध रांग काढली: डावीकडे वाकलेला वानर, उजवीकडे ताठ चालणारा माणूस, मध्ये एकामागोमाग एक पूर्वज. पुस्तकाच्या मजकुरात उत्क्रांती इतकी सरळ नसल्याचे सांगितले होते. लोकांच्या लक्षात चित्र राहिले. डायनासोरामागचा शंकू आणि माणसांची सरळ रांग, या दोन्ही प्रतिमा एकाच चित्रकाराच्या हातून जगप्रसिद्ध व्हाव्यात, हा योगायोग विलक्षण आहे. दोन्हींत दोष एकच. मधला काळ गाळला आहे.

माहितीपटांत ही गाळणी संकलनात होते. लघुग्रह कोसळतो, पडदा काळा होतो, उंदराएवढा सस्तन प्राणी बिळातून डोके काढतो, आणि पुढच्या दृश्यात दोन पायांवर उभा राहिलेला कपी क्षितिजाकडे पाहतो. हे अंतर किती, ते आंबेनळी घाटावरच मोजावे. पोलादपूर ते महाबळेश्वर रस्ता सुमारे ४० किलोमीटर आहे. पोलादपूरला डायनासोरांचा अंत आणि महाबळेश्वरला आजचा दिवस धरला, तर एक मीटर म्हणजे १,६५० वर्षे. दख्खनच्या मुख्य उद्रेकांचा सुमारे दहा लाख वर्षांचा काळ अवघ्या सहाशे मीटरांत मावतो. मग घाटभर माणसाचा पत्ता नाही. मानवकुळातील पहिले दोन पायांचे पूर्वज महाबळेश्वर सव्वाचार किलोमीटरवर आले असताना भेटतात. होमो सेपियन्स शेवटच्या १८० मीटरांत. महाडची गांधारपाले लेणी शेवटच्या मीटर-सव्वा मीटरवर, आणि रायगडावरचा १६७४ चा राज्याभिषेक शेवटच्या वीतभर अंतरात.

पूर्वजांच्या शरीराची चूकही लक्षात घेण्यासारखी आहे. बीबीसीच्या २००३ च्या 'वॉकिंग विथ केव्हमेन' मालिकेत संगणकाऐवजी रंगभूषा केलेले नट होते. नटांचे अभिनय चांगले होते, पण पाय आजच्या माणसाचे. इथिओपियात सापडलेली ३२ लाख वर्षांपूर्वीची 'ल्यूसी' जेमतेम साडेतीन फुटांची होती, आणि तिच्या पायांच्या मानाने हात लांब होते. केसाळ कातडे चढवून माणसाची मापे बदलत नाहीत.

भारताच्या वाट्याला तर चेहराही पुरता आलेला नाही. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नर्मदेच्या काठी कवटीचा वरचा भाग मिळाला. खालचा जबडा नाही. सोनकियांनी तो होमो इरेक्टसचा मानला. पुढे इतरांनी तो आद्य होमो सेपियन्सच्या जवळ नेला. 'नर्मदा मानव' म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्याचे नाक, ओठ, हनुवटी सारे कल्पनेचे आहे. इसिसॉरसचे डोके आणि याचा चेहरा, दोन्ही उसने.

या पूर्वजांमागे सह्याद्रीचे धुमसते ज्वालामुखी दाखवण्याचा मोह कलाकारांना होतो. महाराष्ट्रात दगडी हत्यारे घडवणाऱ्या माणसांच्या काळी दख्खनचा लाव्हा थिजून सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे गुड्रून कॉर्विनस यांनी उत्खनन केले, तिथली हत्यारे याच लाव्हाच्या थंडगार खडकाची, बेसाल्ट आणि डोलेराइटची आहेत. ज्वालामुखीची राख मात्र या भूमीवर खरोखर पडली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ती हत्यारांच्या सान्निध्यात सापडते. तिच्या वयावर वाद झाले, पण तिचे रसायन सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जुळते. समुद्रापलीकडे हजारो किलोमीटरवर झालेला स्फोट इथे करड्या धुळीच्या रूपाने उतरला. इथल्या माणसाला त्याची आग दिसणे शक्यच नव्हते.

आणि गुहा. पडद्यावरचा आदिमानव गुहेशिवाय सहसा भेटत नाही. बेसाल्टच्या प्रदेशात चुनखडीसारख्या लांबच लांब नैसर्गिक गुहा होत नाहीत. मऊ थर पाण्याने खचून वरचा कठीण थर छतासारखा राहतो आणि घळ तयार होते. महाड तालुक्यातील शिवथरघळ धबधब्याच्या आड असलेली अशीच घळ. दासबोधाचे लेखन तिथे झाले, अशी परंपरा आहे. गांधारपाल्याची लेणी तर छिन्नीने कोरलेली बौद्ध विहारे. दगडाच्या हत्यारांनी हा खडक असा कोरता येत नाही.

पडद्यावरच्या शंकूचा परिणाम इतिहासप्रेमींच्या गप्पांपुरता राहिला असता तर बिघडत नव्हते. महाडजवळ सव येथे सावित्रीच्या काठी उष्ण पाण्याचे झरे आहेत. अशा झऱ्यांकडे बोट दाखवून खाली ज्वालामुखी झोपला आहे, असे सहज म्हटले जाते. कोकणातील हे झरे भेगांतून खोल मुरलेल्या आणि तिथल्या उष्णतेने तापून वर आलेल्या पाण्याचे आहेत. खाली लाव्हारस नाही. या डोंगरांतला धोका निराळा आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या.

या उतारांवर कुजलेल्या खडकाची जाड माती कठीण बेसाल्टवर नुसती टेकलेली असते. पावसाचे पाणी मातीतून मुरत खाली जाते आणि घट्ट थरापाशी किंवा चिकणमातीच्या तांबड्या पट्ट्यापाशी अडते. अनेक वाड्यांचे बारमाही झरे याच अडलेल्या पाण्याचे आहेत, आणि अतिवृष्टीत वरची माती सैल करणारे पाणीही तेच.